हात वर गेला, पण बाहेर वळेना

पलूस तालुक्यातले एक शेतकरी, वय ५२, उजव्या हाताने काम करणारे, मधुमेहाच्या गोळ्या बरीच वर्षं चालू. 'उजवा खांदा आखडला आहे, फ्रोजन शोल्डर, शेक आणि व्यायाम द्यावा' अशी चिठ्ठी घेऊन ते सांगलीत माझ्याकडे फिजिओथेरपीसाठी आले. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्यांना आपण काका म्हणू. हाताच्या सांध्यांची रचना आपण सगळेच पहिल्या वर्षात पाठ करतो आणि पुढे ती चित्रांच्या वहीत राहते. काकांचा खांदा त्या रचनेशिवाय कळलाच नसता, म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडते आहे.

काय घडलं होतं

नेहमीप्रमाणे पहिला प्रश्न विचारला, दुखणं कधी सुरू झालं? फ्रोजन शोल्डरच्या रुग्णाला याचं नेमकं उत्तर सहसा देता येत नाही. दोन-तीन महिने झाले असतील, हळूहळू वाढत गेलं, असं काहीसं ऐकायला मिळतं. काकांनी तारीख सांगितली आणि वेळही.

"त्या आठवड्यात आमची लाइट रातची हुती, मॅडम. दीड वाजता उसाला पाणी फिरवाय गेलो. स्टार्टरच्या पेटीला हात लावला आन् हात चिकटलाच. थोरल्यानं वाळल्या काठीनं सोडवला म्हून वाचलो."

त्या रात्री त्यांना दवाखान्यात नेलं. शॉक लागलेल्या माणसाचं हृदय आधी बघायचं असतं, तसं ते बघितलं गेलं. ईसीजी झाला, लघवीचा रंग पाहिला, बोटावरच्या भाजलेल्या जखमेला पट्टी झाली. यात काहीही चुकलेलं नव्हतं. खांदा दुखतो म्हटल्यावर समोरून एक एक्स-रे काढला. 'हाड मोडलेलं नाही' असं सांगून हात झोळीत बांधला. दोन आठवड्यांनी झोळी काढली तर हात नीट हलेना. वय पन्नाशीचं, मधुमेह, बांधून ठेवलेला हात आणि आखडलेला खांदा असं सगळं एकत्र आल्यावर फ्रोजन शोल्डर हे निदान कुणालाही पटेल असंच होतं. माझ्याकडे आले तेव्हा शॉक लागून १८ दिवस झाले होते.

तपासणी

शर्ट काढताना काकांनी डाव्या हाताने उजवी बाही ओढून काढली. दंड अंगापासून सुटला नाही. सोबत काकू होत्या. त्या म्हणाल्या, "डोक्याला तेल लावायचं झालं तर हात वर न्हाई नेत, डोकंच हाताकडं नेत्यात बगा." असं वाक्य कानावर पडलं की मी ते केसपेपरवर जसंच्या तसं उतरवून घेते. कोन मोजायचं साधन जे सांगत नाही ते घरातलं माणूस सांगतं.

खांदा समोरून पाहिला तर फारसं काही दिसत नव्हतं. म्हणून काकांना स्टुलावर बसवलं, मागे उभी राहिले आणि वरून पाहिलं. उजव्या खांद्याची पुढची गोलाई गेली होती. स्कॅप्युलाचा, म्हणजे पाठीवरच्या खांद्याच्या हाडाचा, पुढे येणारा कोंब, कोराकॉइड, त्वचेखाली ठळक जाणवत होता. मागच्या बाजूला मात्र डाव्या खांद्यापेक्षा जास्त भरीवपणा होता.

हात समोरून वर घ्यायला सांगितला. ९० अंशांपर्यंत गेला. बाजूने ६० पर्यंत. मग दंड अंगालगत, कोपर काटकोनात, आणि हाताचा पुढचा भाग बाहेर न्यायला सांगितलं. डावा हात ६० अंश बाहेर गेला. उजवा शून्यापर्यंतही पोचला नाही. तो पोटाकडेच, साधारण ३० अंश आत वळलेला राहिला. मी हळूच आधार देऊन बाहेर नेऊन पाहिलं, तर अचानक, टणक अडथळा लागला. फ्रोजन शोल्डरमध्येही बाहेर वळणं सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त जातं, त्यामुळे नुसता कोन मोजून दोन्हींत फरक करता येत नाही. पण तिथे आखडलेलं आवरण ताणलं जात जात थांबतं. इथे हाड हाडाला अडत होतं.

कोपर पूर्ण सरळ होत होतं आणि १४० अंश दुमडत होतं. कोपर दुमडलेलं ठेवून तळहात वर-खाली वळवायला सांगितला, तर उजवीकडे आणि डावीकडे सारखाच. मग दोन्ही हात समोर सरळ धरून तळवे आभाळाकडे करायला सांगितले. डावा तळवा सरळ वर झाला. उजवा अर्ध्यावर अडकला.

शेवटच्या दोन चाचण्यांचे निकाल वरवर एकमेकांच्या विरुद्ध जातात. कोपर दुमडल्यावर तळहात पूर्ण वळतो आणि कोपर सरळ केल्यावर वळत नाही. असं का, हे कळलं की निदान जवळपास हातात येतं.

तळहात नेमका कुठून वळतो

कोपराच्या एकाच आवरणात तीन सांधे असतात. दंडाचं हाड आणि करंगळीकडचं अल्ना यांचा बिजागरीचा सांधा हात दुमडतो. दंडाचं हाड आणि अंगठ्याकडचं रेडियस यांचा दुसरा. तिसरा रेडियस आणि अल्ना या दोघांमधला, खिळीचा सांधा: रेडियसचं गोल डोकं ॲन्युलर लिगामेंट या बंधाच्या कड्यात जागच्या जागी फिरतं. (लहान मुलाला एका हाताला धरून झटक्याने उचललं की याच कड्यातून ते डोकं निसटतं. आई-वडील सांगतात, मनगट मुरगळलं, आणि बिघाड असतो कोपरात.) याच जोडीचा दुसरा सांधा मनगटाजवळ आहे. हे दोन्ही मिळून काम करतात तेव्हा रेडियस अल्नाभोवती फिरतं आणि तळहात पालथा-उताणा होतो, प्रत्येक बाजूला सुमारे ८० अंश.

पण कोपर सरळ असेल तेव्हा तळहात वळवण्यात खांदाही सामील होतो. दंडाचं हाड स्वतःभोवती फिरतं आणि सगळा हात सोबत फिरतो. बघणाऱ्याला ही दोन्ही वळणं एकच वाटतात. कोपर काटकोनात दुमडलं की ती वेगळी होतात: कोपर-मनगटाचं वळण फक्त तळहात फिरवतं, आणि खांद्याचं वळण हाताचा पुढचा भाग आत-बाहेर नेतं. काकांच्या हाताचं पहिलं वळण शाबूत होतं, दुसरं पूर्ण बंद. म्हणजे अडथळा खांद्यात, आणि खांद्यातही दंडाच्या हाडाचा गोळा जिथे फिरतो त्याच सांध्यात.

समोर सरळ पसरलेला हात उताणा न होणं ही पाठीमागे निखळलेल्या खांद्याची जुनी खूण आहे. तिला कोणतंही यंत्र लागत नाही.

मग हात ९० अंश वर गेलाच कसा

आधीच्या तपासणीत 'हात हलतो आहे' ही नोंद होती आणि ती खरी होती. खांदा म्हणजे एक सांधा नाही, चार सांध्यांचा गट आहे, आणि एक बंद पडला तरी बाकीचे तीन हात वर नेत राहतात.

छातीच्या मधल्या हाडाशी कॉलर बोन जोडणारा स्टर्नोक्लॅव्हिक्युलर सांधा पहिला. त्याची पृष्ठं खोगिराच्या आकाराची, मध्ये कूर्चेची चकती. अख्ख्या हाताचा उरलेल्या सांगाड्याशी हाडांचा जोड एवढाच. बाकी सगळा हात स्नायूंनी धडाशी बांधलेला आहे. विद्यार्थ्यांना हे सांगितलं की ते आधी विश्वास ठेवत नाहीत. दुसरा सांधा कॉलर बोनच्या बाहेरच्या टोकाशी, ॲक्रोमिओक्लॅव्हिक्युलर. तिसऱ्याला काटेकोरपणे सांधा म्हणता येत नाही: स्कॅप्युला हे सपाट हाड बरगड्यांवर स्नायूंच्या गादीवरून सरकतं. चौथा खरा उखळीचा सांधा, ग्लेनोह्यूमरल.

हात पूर्ण वर जातो त्या १८० अंशांपैकी साधारण १२० उखळीच्या सांध्याचे आणि ६० स्कॅप्युलाच्या सरकण्याचे. हे दोनास एक प्रमाण इनमन आणि सहकाऱ्यांनी १९४४ साली मांडलं. सगळ्या उंचीवर ते एकसारखं राहत नाही. निरोगी खांद्यात सुरुवातीला स्कॅप्युला जवळपास स्थिर असते आणि गोळाच फिरतो. काकांच्या स्कॅप्युलाच्या खालच्या टोकावर अंगठा ठेवून मी हात उचलायला सांगितला. हात हलला त्याच क्षणी हाडाचं टोकही सरकलं. स्कॅप्युला दाबून धरली तेव्हा ९० अंशांतले बरेचसे नाहीसे झाले. पाहणाऱ्याला खांदा हलताना दिसत होता, पण हालचाल उखळीत फारशी होतच नव्हती.

शॉकने खांदा मागे का निखळतो

उखळीचा सांधा म्हटलं की खोल उखळ डोळ्यांपुढे येते. खुब्यात ती तशी आहेही. खांद्यातली ग्लेनॉइड मात्र उथळ आहे, बशीवर नारळ ठेवावा इतकी. कोणत्याही एका क्षणी गोळ्याचा जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा तिला टेकलेला असतो. कडेने लॅब्रम नावाची कूर्चेची कड आहे, ती खोली वाढवते. उरलेली जबाबदारी आवरण, लिगामेंट आणि गोळ्याला वेढून धरणाऱ्या रोटेटर कफच्या चार स्नायूंवर: सुप्रास्पायनॅटस, इन्फ्रास्पायनॅटस, टेरेस मायनर, सबस्कॅप्युलॅरिस. शरीरातला सगळ्यात मोकळा सांधा हाच, आणि मोठ्या सांध्यांत सगळ्यात जास्त निखळणाराही हाच.

निखळलेल्या खांद्यांपैकी ९५ टक्क्यांहून जास्त पुढे निखळतात. हात वर-बाहेर असताना माणूस पडतो आणि गोळा पुढे निसटतो. कुस्तीच्या या मुलखात असा खांदा तालमीतले वस्तादही लांबून ओळखतात. खांद्याची गोलाई जाऊन चौकोनी कोपरा दिसतो, हात अंगापासून सुटलेला राहतो. मागे निखळणारे खांदे दोन ते पाच टक्केच.

विजेच्या धक्क्यात मात्र उलटं घडतं. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची. तेवढ्या वेगाने चेतवल्यावर स्नायू एकेक झटका देऊन सुटत नाहीत, सलग आवळले जातात. म्हणून हात 'चिकटतो'. खांद्याभोवतीचे सगळे स्नायू एकाच वेळी पूर्ण ताकदीने आवळले की जिंकतो तो बलवान गट. दंड आत वळवणारे स्नायू म्हणजे छातीचा पेक्टोरॅलिस मेजर, पाठीचा लॅटिसिमस डॉर्सी, टेरेस मेजर आणि सबस्कॅप्युलॅरिस. बाहेर वळवणारे मुख्यतः इन्फ्रास्पायनॅटस आणि टेरेस मायनर, दोन्ही त्यांच्या मानाने लहान. दंड अंगाकडे ओढला जातो, आत वळतो आणि गोळा उथळ उखळीच्या मागच्या कडेवरून पलीकडे जातो. फिटच्या झटक्यातही हेच होतं.

पुढचा भाग जास्त वाईट. मागे गेलेल्या गोळ्याची पुढची बाजू ग्लेनॉइडच्या मागच्या कडेवर आपटते आणि तिथे हाडात खाच पडते, रिव्हर्स हिल-सॅक्स. मग ती कड त्या खाचेत अडकून बसते. मला तपासताना लागलेला टणक अडथळा हाच होता. अशा खांद्यावर फ्रोजन शोल्डर समजून ताकदीने व्यायाम दिला, तर प्रत्येक जोरासरशी खाच मोठी होण्याचा आणि कमकुवत हाड मोडण्याचा धोका. त्या दिवशी मी काकांना शेकही दिला नाही आणि व्यायामही नाही.

एक्स-रे गप्प का राहिला

काकांनी पिशवीतून जुनी फिल्म काढून दिली. समोरून काढलेली एकच. गोळा उखळीसमोरच दिसत होता.

स्कॅप्युला पाठीवर सपाट बसत नाही. ती पुढे ३० ते ४० अंश तिरपी असते. त्यामुळे माणसाच्या समोरून काढलेला एक्स-रे खांद्याच्या समोरून काढलेला नसतो. गोळा आणि उखळ एकमेकांवर पडून दिसतात. त्यात गोळा सरळ मागे गेला असेल तर तो किरणांच्याच दिशेने सरकलेला असतो, आणि सावलीत ते अंतर उमटत नाही. थोड्या खुणा राहतात. आत वळलेला गोळा एकसारखा गोल, विजेच्या बल्बसारखा दिसतो, म्हणूनच त्या खुणेला लाइट बल्ब साइन हे नाव. गोळा आणि उखळीची पुढची कड यांच्यातली फट ६ मिलिमीटरहून जास्त होते. काकांच्या फिल्मवर दोन्ही होतं. पण काय शोधायचं ते माहीत असल्यावर ते दिसलं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. रात्री दोन वाजता शॉकच्या रुग्णाचं हृदय सांभाळणाऱ्या डॉक्टरांना ते दिसलं नाही याबद्दल माझी तक्रार नाही. मागे निखळलेले सुमारे निम्मे खांदे पहिल्या भेटीत सुटतात, असं अस्थिरोगाचं साहित्य कितीतरी वर्षं सांगत आलं आहे. झोळीही फसवते: ती हाताला ज्या स्थितीत धरते, अडकलेला हात नेमका त्याच स्थितीत असतो.

मला राहून राहून आठवतात ते फ्रान्सचे सर्जन मालगेन. १८५५ साली त्यांनी पाठीमागे निखळलेल्या खांद्याचे ३७ रुग्ण नोंदवले. एक्स-रेचा शोध लागला १८९५ साली. त्यांच्याकडे डोळे, बोटं आणि सांध्यांची ओळख एवढंच होतं.

पुढचे निर्णय

ज्यांनी चिठ्ठी दिली त्या डॉक्टरांना लगेच फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि बगलेतून एक्स-रे काढायला सांगितलं. बाजूने हात पुरेसा उचलता येत नव्हता, म्हणून हात अंगालगतच ठेवून, काकांना मागे झुकवून वरून खाली किरण सोडत फिल्म घेतली. हा व्हेल्पो व्ह्यू. गोळा उखळीच्या मागे स्पष्ट दिसला. खांद्यावरच्या डेल्टॉइड स्नायूवरची संवेदना आणि त्याची ताकद ठीक होती, म्हणजे त्याला चालवणारी ॲक्सिलरी नर्व्ह वाचली होती. डावा खांदाही तपासला, कारण शॉकमध्ये कधी कधी दोन्ही निखळतात. तो चांगला होता.

मिरजेत सीटी स्कॅन झाला. खाच गोळ्याच्या पृष्ठभागाच्या सुमारे ३० टक्के. इथे खाचेचा आकार आणि उलटलेले दिवस यांवर सगळं ठरतं. तीन आठवड्यांच्या आत आणि खाच २० ते २५ टक्क्यांच्या खाली असेल तर भूल देऊन, न उघडता खांदा बसवून पाहतात. ४५-५० टक्क्यांच्या वर गेली तर बहुधा कृत्रिम गोळा. मधल्या आकारासाठी मॅकलॉफ्लिन यांनी १९५२ साली सुचवलेला मार्ग आहे: सबस्कॅप्युलॅरिसची हाडाला चिकटणारी दोरी (टेंडन) सोडवून खाचेत बसवायची, म्हणजे कड पुन्हा तिथे अडकणार नाही. आता बहुतेक सर्जन दोरीसोबत ती जिथे चिकटते तो हाडाचा उंचवटाही घेतात आणि स्क्रूने बसवतात. काकांना हीच शस्त्रक्रिया झाली.

काकूंना सगळ्यात जास्त चिंता खर्चाची आणि तोडणीला आलेल्या उसाची. काकांची वेगळीच. "पुन्यांदा स्टार्टरला हात लावता ईल का?" असं ते विचारत होते. त्यांच्या थोरल्याने त्या आठवड्यात पेटीचं अर्थिंग करून घेतलं.

बांधलेला खांदा, मोकळे सांधे

साध्या झोळीत हात पोटावर येतो, म्हणजे आत वळतो, आणि काकांना तेच टाळायचं होतं. म्हणून ब्रेस असा की दंड अंगालगत आणि हाताचा पुढचा भाग सरळ समोर, १० ते १५ अंश बाहेरच राहील. सहा आठवडे. या काळात हात आत वळवून छातीवर आडवा न्यायचा नाही, कारण मागचं आवरण भरत असतं. जोर लावून आत वळवायचंही नाही, कारण हलवलेलं हाड अजून जुळायचं असतं.

खांदा बांधलेला असताना बाकीच्या सांध्यांना मात्र रजा नाही. मॉरी यांनी १९८१ साली दाखवलं की रोजची बहुतेक कामं कोपराच्या ३० ते १३० अंशांच्या टप्प्यात होतात, आणि तळहात प्रत्येक बाजूला ५० अंश वळला की भागतं. तेवढं तरी गमवायचं नाही, हे आमचं पहिल्या सहा आठवड्यांचं लक्ष्य. मधुमेही हातात बोटं फार लवकर आखडतात. बोटांच्या मुळाच्या सांध्यांचे बाजूचे बंध मूठ वळल्यावर ताणले जातात आणि बोटं सरळ ठेवली की सैल पडतात. सैल अवस्थेत सुजून राहिले तर आखूड होतात आणि मूठ बंद होत नाही. म्हणून दर तासाला घट्ट मूठ, पूर्ण उघडी बोटं आणि अंगठा करंगळीच्या मुळापर्यंत. काकांनी हे व्यायाम मनापासून केले. शेजारपाजारचे लोक भेटायला यायचे तेव्हाही त्यांची मूठ चालूच असायची, असं काकू सांगत.

सहा आठवड्यांनंतर ब्रेस निघाला. आधी स्कॅप्युला सावरणारे स्नायू, सेराटस अँटिरियर आणि ट्रॅपेझियसचा खालचा भाग. मग आधाराने हात वर. बाराव्या आठवड्यानंतर रबरी पट्टीवर बाहेर वळवण्याची ताकद. स्कॅप्युलाला इतके दिवस उखळीचंही काम करायची सवय लागली होती. आरशासमोर उभं राहून, स्वतःच्या डाव्या हाताने उजवा खांदा वर चढू न देता हात उचलायला शिकण्यात बराच काळ गेला. माझ्या मते पुनर्वसनातला सगळ्यात अवघड आणि सगळ्यात मोलाचा टप्पा हाच. ताकद नंतर येते. आधी गोळा आणि स्कॅप्युला यांचं प्रमाण परत बसावं लागतं.

सहा महिन्यांनी समोरून १५० अंश, बाहेर ४० अंश. पाठीमागे हात कमरेपर्यंतच पोचतो, त्याच्या वर नाही. दोरीची जागा बदलल्यावर एवढी कमतरता राहू शकते, हे त्यांना आधीच सांगितलं होतं. हात पसरला की तळवा आभाळाकडे होतो. खुरपणी, पाणी फिरवणं, ट्रॅक्टर चालवणं जमतं. उसाची मोळी मात्र उजव्या खांद्यावर घेऊ नका, असं सांगितलं आहे.

प्रकरण अजून पूर्ण बंद केलेलं नाही. गोळ्याला रक्त पुरवणाऱ्या रक्तवाहिन्या त्याच्या मानेजवळून शिरतात. निखळताना आणि नंतर शस्त्रक्रियेत त्यांना इजा झाली असेल तर हाडाचा काही भाग कालांतराने मरू शकतो, आणि सुरुवातीला त्याचं दुखणंही जाणवत नाही. म्हणून दुसरं वर्ष संपेपर्यंत ठराविक अंतराने एक्स-रे चालू राहतील. समोरून एक आणि बगलेतून एक.